दीड हजार रुपयांत एकशेवीस शुभेच्छापत्रे : एका वाचनालयाचा प्रकरण अभ्यास

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाने २०२३ च्या दिवाळीसाठी आपल्या आजीव सभासदांना आणि देणगीदारांना हाताने बनवलेली शुभेच्छापत्रे पाठवायचे ठरवले. यादीत १२० नावे होती. त्यांपैकी ८० जण नोकरी, लग्न किंवा निवृत्तीनंतरचे स्थलांतर यांमुळे गाव सोडून गेलेले होते आणि उरलेले ४० गावातच राहणारे होते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे आणि त्याखाली मिळणाऱ्या अनुदानावर हे वाचनालय चालते. परंतु शुभेच्छापत्रांसारख्या खर्चासाठी त्या अनुदानाला हात लावायचा नाही, असे कार्यकारिणीचे जुने धोरण आहे. त्यामुळे कार्यकारिणीच्या सदस्यांनी आपसांत वर्गणी काढली आणि ती दीड हजार रुपयांवर थांबली. टपालखर्चही याच रकमेतून भागवायचा होता.

छपाईचा पर्याय पहिल्याच बैठकीत बाजूला पडला. ऑफसेट छपाईत प्लेट आणि यंत्राची जुळणी यांचा खर्च एकशेवीस प्रतींना जेवढा येतो तेवढाच हजार प्रतींना येतो, म्हणून थोड्या प्रती छापणाऱ्याला प्रत महाग पडते. बाजारातील तयार कार्डांची किंमत पाहता टपालासाठी पैसे उरलेच नसते. हाताने बनवणे ही हौस असण्यापेक्षा पैशांच्या गणिताने पुढे केलेली वाट होती, हे आधीच नोंदवायला हवे. कारण पुढचे बहुतेक चांगले निर्णय त्या गणितामुळेच झाले.

आकाराचा निर्णय

हाताने कार्ड बनवू लागणारा माणूस बहुधा सजावटीच्या सामानापासून सुरुवात करतो. आधी चमकी, टिकल्या, लेस, रंगीत दोरे घरी येतात आणि मग कार्ड केवढे करायचे हा विचार सुरू होतो. या गटातही पहिली यादी तशीच तयार झाली होती. ग्रंथपाल महिलेने ती यादी बाजूला ठेवून मोजपट्टी मागवली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात निर्णायक ठरलेली गोष्ट हीच होती.

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी मोठी कार्डशीट २२ इंच बाय २८ इंच मापाची असते. बाजारातील नेहमीच्या मोठ्या ग्रीटिंगसारखे, म्हणजे घडी घातल्यावर ए-फाइव्ह आकाराचे होणारे कार्ड करायचे झाल्यास उघड्या कागदाचा तुकडा ए-फोर मापाचा लागतो आणि सगळे तुकडे एकाच दिशेने मांडले तर एका शीटमधून असे चारच निघतात. एकशेवीस कार्डांना तीस शीट लागल्या असत्या. त्या दुकानात २५० जीएसएमची, म्हणजे दर चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाच्या कागदाची, एक शीट वीस रुपयांना होती, म्हणजे निव्वळ कागदाचे सहाशे रुपये झाले असते. वजनाचा हिशेब त्याहून अडचणीचा होता. २५० जीएसएमच्या ए-फोर तुकड्याचे वजन साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास भरते. त्यात मोठ्या पाकिटाचे सहा-सात ग्रॅम मिळवले की वीस ग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते. साध्या पत्राला दर वीस ग्रॅमला किंवा त्याच्या भागाला पाच रुपये असा टपालदर होता, त्यामुळे प्रत्येक पाकिटाला पाचाऐवजी दहा रुपयांची तिकिटे लावावी लागली असती. कागदाचे सहाशे आणि टपालाचे आठशे मिळून चौदाशे रुपये होतात. रंग, डिंक, पाकिटे आणि कटरची पाती या सगळ्यांसाठी शंभर रुपये उरले असते.

म्हणून कार्डाचा आकार पोस्टकार्डाएवढा ठरला. साडेपाच इंच बाय सात इंचांचा तुकडा मधोमध दुमडला की साडेपाच बाय साडेतीन इंचांचे कार्ड होते, आणि ते पोस्टकार्डाच्या मापाच्या जवळपास बसते. अशा तुकड्याचे वजन सव्वासहा ग्रॅमच्या आसपास असते आणि पाकीट व रंग धरूनही बारा-तेरा ग्रॅमांच्या आत काम भागते. कागदावर हिशेब मांडला तेव्हा एका शीटमधून सोळा तुकडे निघत होते, बावीस इंचांत चार आणि अठ्ठावीस इंचांत चार, आणि कागदाची एक चिंधीही वाया जात नव्हती.

मात्र चाचणीसाठी कापलेल्या पहिल्या तुकड्यांवर घडी घातली, तेव्हा ती फाटल्यासारखी खरबरीत झाली आणि घडीच्या रेषेवर कागदाचे पांढरे तंतू उघडे पडले. कारण साधे होते. यंत्रावर बनणाऱ्या कागदात तंतू एका दिशेने लागतात, आणि त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती गुळगुळीत पडते, आडवी घातली तर कागद मोडतो. तंतूंची दिशा ओळखण्यासाठी शीट दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहायची. ज्या बाजूने ती सहज वाकते, तिकडची घडी चांगली येते. या शीटमध्ये तंतू अठ्ठावीस इंचांच्या बाजूला समांतर होते. तुकडे फिरवून मांडले तर बावीस इंचांत सात इंचांचे तीन आणि अठ्ठावीस इंचांत साडेपाच इंचांचे पाच असे पंधराच तुकडे निघत होते. शीटमागे एक कार्ड कमी झाले, पण घडी नीट आली. आठ शीटमध्ये बरोबर १२० कार्डे होत होती आणि बिघाडासाठी नववी शीट घेतली. काठावर उरलेल्या एक इंच रुंदीच्या पट्ट्या बालविभागातील मुलांना पुस्तकात ठेवायच्या खुणेसाठी दिल्या.

हातकागद वापरावा, असा अध्यक्षांचा आग्रह होता. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून या कामात आहे आणि हातकागदात तंतू एका दिशेने लागलेले नसल्याने घडीचा प्रश्नही फारसा उद्भवला नसता. परंतु हातकागद महाग पडतो आणि त्याच्या खरबरीत पृष्ठभागावर साधे बॉलपेन अडखळते. यातले दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण या कार्डावर हाताने बरेच लिहायचे होते.

सामान कुठून आले

रंगाच्या निवडीत बराच वाद झाला. काही सदस्यांना गडद मरून शीट हवी होती. तिच्यावर पांढरी रांगोळी उठून दिसली असती यात शंका नाही. पण आत लिहायला पांढऱ्या कागदाचा वेगळा तुकडा चिकटवावा लागला असता, म्हणजे खर्च, वजन आणि काम तिन्ही वाढले असते. अखेर बदामी रंगाची शीट घेतली आणि रांगोळी पांढऱ्याऐवजी गेरूने काढायची असे ठरले. दिवाळीच्या तोंडावर तुळशीवृंदावनासाठी गेरू किराणा दुकानात सहज मिळतो. गेरूची पूड नुसत्या पाण्यात कालवली तर वाळल्यावर बोटाला लागते. डिंकाच्या पाण्यात कालवली की ती कागदाला धरून बसते. पणतीसाठी पिवळा आणि ज्योतीसाठी नारिंगी असे पोस्टर कलर विकत घेतले.

ठिपक्यांची रांगोळी हाताने सारखी येणे अवघड असते आणि एकशेवीस वेळा सारखी येणे त्याहून अवघड. यावरचा उपाय गटातील ज्येष्ठ महिलांकडे तयारच होता. अंगणात मोठी रांगोळी काढताना वर्तमानपत्राच्या कागदाला उदबत्तीने भोके पाडून त्यातून ठिपके सोडण्याची रीत घराघरांत आहे. तेच तंत्र लहान मापात आणले. कागदाऐवजी जुनी एक्स-रे फिल्म घेतली, कारण ती ओलीने फुगत नाही आणि पुसून पुन्हा वापरता येते. फिल्मला तापलेल्या सुईने भोके पाडल्यास धूर होतो, म्हणून चांभाराकडच्या पंचने सात ओळींची रांगोळी पाडून घेतली. स्पंजचा छोटा तुकडा घट्ट कालवलेल्या गेरूत टेकवायचा, आधी रद्दीवर दाबून जादा रंग काढायचा आणि मग फिल्मवर सरळ वरून टेकवायचा, अशी पद्धत बसली. रंग पातळ असला की तो फिल्मखाली पसरतो आणि ठिपक्यांचा डाग होतो, हे ऑक्टोबरच्या उन्हात वेगळ्या प्रकारे जाणवले. बशीतला रंग सारखा वाळत असल्याने कोणीतरी त्यात पाणी घालत राहत असे, आणि नेमक्या त्याच वेळी ठिपके फुटत असत. शेवटी एकाच व्यक्तीकडे रंग कालवण्याचे काम सोपवले.

पणतीचा ठसा बटाट्याचा होता. मध्यम बटाटा उभा चिरून त्याच्या अर्ध्या भागावर पणतीचा आकार ठेवायचा आणि बाकीचा भाग चाकूने खाली उतरवायचा. बटाटा चिरल्याबरोबर वापरला तर त्यातले पाणी रंगात मिसळते, म्हणून रद्दीवर पालथा घालून काही वेळ ठेवावा लागतो. उलट तो दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला तर आक्रसतो आणि पणती वाकडी होते. त्यामुळे सगळ्या पणत्या एका बैठकीतच उमटवल्या गेल्या आणि कडा बोथट झाली की नवा बटाटा घेतला. भेंडीच्या चकतीचा फुलासारखा ठसा काहींनी सुचवला होता आणि तो सुंदर उमटतो, पण इतक्या छोट्या कार्डावर रांगोळी, पणती आणि फूल अशी गर्दी झाली असती. वारली आकृत्याही सुचवल्या गेल्या. त्या कलेला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, तिच्या आकृत्यांना स्वतःचा अर्थ आणि शिस्त आहे, आणि सराव नसलेल्या हाताने काढलेल्या त्रिकोणी माणसांना वारली म्हणून पाठवणे बरे दिसले नसते. ही सूचना मागे घेतली गेली, हे मला योग्य वाटते.

ज्योत बोटाच्या ठशाची होती. यातून वाचनालयात थोडी करमणूक झाली. वाचनालयासारख्या संस्थेने सभासदांना अंगठे उमटवून पाठवावेत का, असा प्रश्न एका निवृत्त शिक्षकांनी गंभीरपणे उपस्थित केला. सुदैवाने अंगठ्याचा ठसा पणतीच्या मानाने मोठाच पडत होता, म्हणून करंगळीची कड किंचित तिरकी टेकवायची ठरली आणि आक्षेप आपोआप मिटला. ज्यांना कटर धरवत नव्हता किंवा बारीक काम दिसत नव्हते, अशा वयस्कर सदस्यांना या कामात सहभागी होता आले आणि कोणत्याही दोन कार्डांवरची ज्योत सारखी राहिली नाही.

जुन्या लग्नपत्रिकांचा ढीग सदस्यांनी स्वतःहून आणून दिला. त्यांच्या सोनेरी काठांच्या बारीक पट्ट्या कार्डाच्या उघडत्या कडेला लावल्या की पैठणीच्या काठासारखा परिणाम मिळतो. इथे दोन अडचणी आल्या. पहिली अडचण अशी की, जवळजवळ प्रत्येक पत्रिकेवर गणपती किंवा कुलदैवताचे चित्र असते आणि त्यावरून कात्री चालवायला कोणी तयार नव्हते. आधी सगळ्या पत्रिकांवरची ती चित्रे अखंड कापून वेगळी केली, ज्यांच्या होत्या त्यांना परत दिली आणि मगच काठ कापायला घेतले. दुसरी अडचण चिकटवण्याची होती. पाकिटांसाठी मैद्याची खळ शिजवली होती, पण लॅमिनेशन केलेल्या पत्रिकेच्या कागदाला खळ धरत नाही. तिथे फेव्हिकॉलच लागला. पुस्तकबांधणीची खळ टिकावी आणि तिला किडे लागू नयेत म्हणून बांधणी करणारे तिच्यात मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असल्याने आणि मुले मदतीला असल्याने इथे तो घातला नाही. रोज लागेल तेवढीच खळ शिजवली.

पाकिटे शाळेच्या वह्यांना घालतात त्या खाकी कागदाची केली. तो मजबूत असतो, त्यावर पत्ता स्पष्ट उमटतो आणि तिकीटही नीट चिकटते. एक्स-रे फिल्मच्याच उरलेल्या तुकड्यातून पाकिटाचा साचा कापला होता. खळीतल्या ओलाव्याने कागद वाकडा होतो, म्हणून ताजी पाकिटे विश्वकोशाच्या खंडांखाली दाबून ठेवली. त्या खंडांना अलीकडे एवढे काम मिळाले नव्हते.

कार्ड कापताना शाळकरी प्लॅस्टिकची पट्टी वापरली की कटर तिची कड खातो आणि पुढची प्रत्येक रेघ वाकडी येते. पोलादी पट्टी आणि नवी पाती यांवर एकशेदहा रुपये गेले आणि तो खर्च सजावटीच्या कोणत्याही वस्तूपेक्षा अधिक कामी आला. कापण्याचे काम फक्त प्रौढांनी केले. घडीच्या रेषेवर आधी शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या आधाराने दाब देऊन खाच पाडायची आणि मग दुमडायचे. छापखान्यात याच कामासाठी यंत्र असते, पण एवढ्या कार्डांना रिकामी रिफिल पुरली.

टिकल्या, आरसे, मणी यांना टपालाच्या कार्डांवर पूर्ण बंदी होती. पाकिटावर शिक्का मारताना उंचवट्याची वस्तू तुटते आणि सोबतचा कागदही फाडते; चमकी तर पाकीट उघडणाऱ्याच्या घरभर पसरते. गावातल्या चाळीस कार्डांना ही बंदी लागू नव्हती, तरीही सजावटीचा मोह तिथेही आवरला गेला. ती चाळीस कार्डे पाकिटाशिवायच गेली. सभासद दिवाळीच्या सुट्टीसाठी जे पुस्तक घरी नेत होते, त्यातच त्यांच्या नावाचे कार्ड ठेवून दिले गेले. पोस्टकार्डाएवढा आकार ठरवताना हा विचार कोणाच्या मनात नव्हता, पण त्या आकारामुळे कार्ड जवळजवळ कोणत्याही पुस्तकात मावले आणि चाळीस पाकिटे वाचली.

आत काय लिहिले

कार्डाच्या आतील मजकुराचा विचार सुरुवातीला कोणी केलाच नव्हता. ‘ही दिवाळी आपणास सुखसमृद्धीची जावो’ एवढे लिहायचे, हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. ग्रंथपालांनी मात्र दाखलनोंदवही, म्हणजे वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही, काढली. ज्या सभासदाने वाचनालयाला पुस्तके भेट दिली होती, त्याच्या कार्डात त्यांपैकी एका पुस्तकाचे नाव आणि ते यंदा वाचकांच्या हातात फिरत असल्याचे एक वाक्य लिहिले गेले. ज्यांनी पुस्तके दिली नव्हती पण पूर्वी नियमित वाचन केले होते, त्यांना त्यांच्या आवडीच्या विषयात यंदा आलेल्या नव्या पुस्तकाची बातमी दिली. या कामाला पैसे लागले नाहीत, पण वेळ सर्वांत जास्त याच कामाला लागला आणि दोन जणांचे अक्षर चांगले असल्याने लिहिण्याचा भार त्यांच्यावरच पडला. माझ्या मते या कार्डांतील खरी कल्पकता रांगोळीत किंवा करंगळीच्या ज्योतीत नव्हती. बटाट्याचा ठसा कोणीही उमटवू शकतो. आपण दिलेले पुस्तक अजून वाचले जाते, ही बातमी त्या वाचनालयाशिवाय दुसरे कोणी देऊ शकत नव्हते.

पत्त्यांनी मात्र घोळ घातला. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली आणि यादीतील काही आजीव सभासदांची नोंद त्याआधीची होती. ते पत्ते पिनकोडशिवाय, कधी कधी नुसत्या वाड्याच्या नावावर लिहिलेले होते. नातेवाइकांना विचारून, फोन करून बरेचसे पत्ते दुरुस्त केले. दसरा २४ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते; या अवधीत कार्डे बनवणे आणि टपालात वेळेवर टाकणे दोन्ही साधायचे होते, आणि पत्ते दसऱ्याआधीच तपासले असते तर शेवटच्या आठवड्यातील धावपळ टळली असती.

हिशेब

कार्डशीटचे १८०, टपालाचे ४००, खाकी कागदाच्या रोलचे १००, दोन पोस्टर कलर, गेरू आणि डिंक मिळून १०५, पट्टी आणि पाती ११०, फेव्हिकॉल ४५, स्पंज आणि किरकोळ ३० असे एकूण ९७० रुपये खर्च झाले. टपाल वगळले तर प्रत्येक कार्ड पावणेपाच रुपयांना पडले. कामाच्या बैठकांमधील चहा सदस्यांनी आपल्या खिशातून केला, म्हणून तो यात नाही; धरला असता तर तो बहुधा कार्डशीटपेक्षा जास्त भरला असता.

या आकड्यांवरून हाताने बनवलेली कार्डे स्वस्त असतात, असा सरसकट निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. इथे श्रमाचे मोल शून्य धरले आहे. एका कार्डाला कापणे, खाच पाडणे, रांगोळी, पणती, ज्योत, काठ आणि मजकूर असे सात टप्पे होते आणि त्या वेळेची मजुरी लावली तर पावणेपाच रुपयांचा आकडा टिकत नाही. याच पद्धतीने कार्डे बनवून विकावीत, असे नंतर काही सदस्यांच्या मनात आले होते. त्यांना हाच हिशेब दाखवावा लागला. विकायची असतील तर टप्पे कमी करून दोन-तीनवर आणावे लागतील, आणि आतील बाजू कोरी ठेवावी लागेल, म्हणजे जी गोष्ट या कार्डांत सर्वांत चांगली होती तीच काढून टाकावी लागेल.

काही पाकिटे पत्ता न सापडल्याने परत आली. शिल्लक राहिलेल्या ५३० रुपयांपैकी काही रक्कम सभासदांना जोडपोस्टकार्डे (उत्तरासाठी दुसरे कार्ड जोडलेली पोस्टकार्डे) पाठवून नवे पत्ते मागवण्यासाठी वापरायची, आणि पुढच्या वर्षापासून टपालासाठी वेगळी रक्कम आधीच बाजूला काढायची, असे कार्यकारिणीने ठरवले. रांगोळीची फिल्म, पाकिटाचा साचा आणि शीट कापण्याचा आराखडा एका पाकिटात घालून वाचनालयाच्या कपाटात ठेवला आहे. त्या आराखड्यावर तंतूंच्या दिशेचा बाण लाल शाईने काढलेला आहे.